वाळवलेली विष्ठा की चिकन सेंटरचे मील? खानापूर तालुक्यातील दोन हजार पक्ष्यांच्या शेडचे प्रकरण

सांगली जिल्ह्याच्या विटा-खानापूर पट्ट्यात जी ब्रॉयलर शेड कंपनीच्या करारावर नाहीत, तिथे मालकाला खाद्य स्वतः विकत घ्यावे किंवा बनवावे लागते. ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७० टक्के असतो. त्यामुळे सोयापेंड चढली की स्वस्त पर्याय शोधणे सुरू होते आणि पहिली नजर जाते ती शेजारच्या अंड्याच्या पोल्ट्रीतील पिंजऱ्याखालच्या ढिगावर. पुढचे प्रकरण कोणा एका मालकाचे नाही. या भागातल्या शेडवर हा प्रश्न ज्या रूपात येतो, तसाच तो आकड्यांसह मांडला आहे. दर हिशेबापुरते धरलेले आहेत, वाचणाऱ्याने आपल्या आठवड्याचे दर घालून तोच हिशेब करावा.

परिस्थिती

शेड २,००० पक्ष्यांचे, पूर्व-पश्चिम, खाली भाताच्या तुसाची गादी. पक्षी ४० दिवसांच्या आसपास २.१ किलोला विकले जातात, एफसीआर (एक किलो वजनामागे लागणारे खाद्य) १.७०. घरचे ग्राइंडर आणि मिक्सर आहे, मॅश, म्हणजे भरडून मिसळलेले खाद्य, घरीच तयार होतो. फिनिशरचा, म्हणजे विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याचा, १०० किलोचा घाणा असा: मका ६०, सोयापेंड ३२, राइस ब्रान तेल ५, आणि डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट), चुनखडी, मीठ, मिथिओनिन व लायसिन ही अमिनो आम्ले, प्रीमिक्स (जीवनसत्त्वे-खनिजांचे मिश्रण) मिळून ३ किलो. मका २४ रुपये, सोयापेंड ४५, तेल ११० आणि बाकी तीन किलोचे २५० धरले, तर घाणा ३,६८० रुपयांना पडतो, म्हणजे किलोला ३६ रुपये ८० पैसे. ऊर्जा किलोला सुमारे ३,१८० किलोकॅलरी, प्रथिने २० टक्के. भारतीय मानक ब्यूरोच्या कोंबडीखाद्याच्या मानकात फिनिशरसाठी २० टक्के प्रथिने आणि ३,२०० किलोकॅलरी दिली आहेत. म्हणजे हा घाणा मानकाच्या जवळपास आहे.

प्रस्ताव दोन येतात. पहिला, लेअर (अंड्याच्या) पोल्ट्रीची विष्ठा उन्हात वाळवून, दळून, खाद्यात १० टक्के घालायची. वाळवणी आणि दळण धरून ती किलोला ६ रुपयांना पडते. दुसरा, चिकन सेंटरवरच्या आतडी, डोकी, पायांच्या कचऱ्यापासून बनवलेले मील, म्हणजे शिजवून, वाळवून दळलेली भुकटी, ५ टक्के घालायचे. ते तयार ५५ रुपये किलो मिळते. ६ आणि ५५ हे आकडे शेजारी ठेवले की कौल पहिल्याच्या बाजूने पडतो. तो चुकीचा आहे, आणि का चुकीचा आहे हे कळण्यासाठी आधी प्रयोगशाळेचा कागद नीट वाचावा लागतो.

२८ टक्के प्रथिने, पण कुणासाठी?

पिंजऱ्यातल्या लेअरची वाळलेली विष्ठा तपासायला दिली तर क्रूड प्रोटीन २५ ते ३३ टक्क्यांच्या दरम्यान येते. समजा २८ आले. हा आकडा पाहून माणूस म्हणतो, मक्यात नऊसुद्धा नाहीत, इथे २८ आहेत! पण प्रयोगशाळा प्रथिने मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. कोंबडी लघवी वेगळी करत नाही. तिच्या विष्ठेवरचा पांढरा थर म्हणजे युरिक ॲसिड, आणि युरिक ॲसिडच्या वजनाचा एक तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. वाळलेल्या विष्ठेत ६ टक्के युरिक ॲसिड असले तर त्यातला नायट्रोजन झाला २ टक्के. गुणिले ६.२५, म्हणजे कागदावर साडेबारा टक्के ‘प्रथिने’. ती प्रथिने नव्हेतच. अमोनिया आणि इतर किरकोळ नायट्रोजन वजा केला की खरी प्रथिने ११ टक्क्यांच्या आसपास उरतात.

गाय-म्हशीच्या पोटात जंतू या नायट्रोजनपासून प्रथिने बनवतात. कोंबडीच्या पोटात ती सोय नाही. युरिक ॲसिड हा तिने स्वतः बाहेर टाकलेला पदार्थ आहे. तोच परत दिला तर तो पुन्हा बाहेर टाकायला तिला जास्त पाणी प्यावे लागते. पाणी वाढले की गादी ओली होते, ओल्या गादीतून अमोनिया सुटतो, तळपाय सोलतात आणि कॉक्सिडिया हा आतड्यातला परजीवी फोफावतो. मालकाला हे गादी ओली होण्याच्या रूपात दिसते आणि तो ड्रिंकरची उंची बदलत बसतो.

आता घाण्यात १० किलो विष्ठा घाला आणि मका ८ किलो, सोयापेंड २ किलो कमी करा. कागदावरची प्रथिने २१.२ टक्के होतात, म्हणजे खाद्य सुधारल्यासारखे दिसते. खरी प्रथिने मात्र १९.५ वर येतात, आणि त्यातलाही बराच भाग पचत नाही. वाईट कागदापेक्षा असा चांगला कागद जास्त घातक, कारण त्यावर विसंबून माणूस सोयापेंड आणखी कापतो.

खरा मार ऊर्जेचा

प्रथिनांचे एक वेळ मिथिओनिन-लायसिन घालून थोडेफार सावरता येते. ऊर्जेचे तसे नाही. वाळलेल्या विष्ठेत राख पाव हिश्शाच्या वर आणि तंतू १२ ते १५ टक्के असतात. कोंबडीला तिच्यातून किलोमागे जेमतेम ८०० किलोकॅलरी मिळते असे धरू. मक्यात ३,३५० असते. वरच्या बदलात घाण्यातून ३१,४०० किलोकॅलरी गेल्या आणि ८,००० आल्या. खाद्य ३,१८० वरून २,९४० वर उतरले.

ही तूट तेलाने भरायची म्हटले तर मक्याच्या जागी सुमारे साडेचार किलो जादा तेल लागते. खर्च (११० − २४) × ४.५, म्हणजे ३८७ रुपये. विष्ठा घालून वाचले किती? मक्याचे १९२, सोयापेंडीचे ९०, त्यातून विष्ठेचे ६० वजा: २२२ रुपये. घाण्यामागे १६५ रुपयांचा तोटा, वर साडेनऊ टक्के तेलाचा मॅश फीडरमध्ये गोळा होऊन बसतो तो वेगळाच.

तेल नाही घातले तर? ब्रॉयलर ऊर्जेची भूक भागेपर्यंत खातो, म्हणून त्याला ८ टक्के जास्त खाद्य लागेल. एफसीआर १.७० चा निदान १.८३ होईल. खाद्याचा दर ३६.८० वरून ३४.६० वर आला खरा, पण जिवंत किलोमागचा खाद्यखर्च ६२ रुपये ६० पैशांवरून ६३ रुपये ३० पैशांवर गेला. आणि हे गृहीत धरून की पक्षी ते जादा खाद्य खाऊ शकतो. लहान पिल्लाच्या पोटात तेवढी जागा नसते. उन्हाळ्यात, दुपारी पक्षी तोंड उघडून धापा टाकत असताना तर कोणताच पक्षी खात नाही. मग वजनच कमी भरते आणि लिफ्टिंग, म्हणजे विक्रीला पक्षी उचलणे, चार-पाच दिवस पुढे जाते.

खाद्याची पोती स्वस्त झाली की फायदा झाला, हा समज ब्रॉयलरमध्ये फार नुकसान करतो. मोजायचा आकडा एकच: एक किलो जिवंत वजन तयार व्हायला खाद्याचे किती रुपये लागले.

दुसऱ्याच्या शेडचा रोग आपल्या फीडरमध्ये

पैशाचा हिशेब जुळला असता तरी पहिला प्रस्ताव नाकारावा, कारण उन्हात वाळवणे म्हणजे निर्जंतुक करणे नव्हे. गंबोरो या कोंबड्यांच्या रोगाचा विषाणू ५६ अंश सेल्सिअसला पाच तास टिकतो. विष्ठेचा थर वरून कोरडा आणि आतून कोमट असतो, तिथे ७० अंश अर्धा तास कुठून मिळणार? साल्मोनेला, ई-कोलाय, कॉक्सिडियाच्या गाठी, राणीखेतचा विषाणू, सगळे याच वाटेने येतात. दारात चुना टाकून, बूट बदलून पाळलेली जैवसुरक्षा खाद्याच्या पोत्यातून मोडली जाते.

दुसरी गोष्ट औषधांची. लेअरला दिलेल्या टेट्रासायक्लिन किंवा एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग जसाच्या तसा विष्ठेतून पडतो. तो खाद्यात आला की ब्रॉयलरला विक्रीच्या दिवसापर्यंत न दिलेले औषध मिळत राहते. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस पाळण्याला मग काही अर्थ उरत नाही. कोलिस्टिनवर देशात २०१९ पासून बंदी आहे. शेजारच्या पोल्ट्रीवर कुणी जुना साठा वापरला तर त्याची जबाबदारी आपल्या पक्ष्यावर येते. हे मांस शेवटी कुणाच्या तरी घरच्या लहान मुलाच्या ताटात जाते.

मील कसे तयार झाले, यावर सगळे

दुसरा प्रस्ताव विचार करण्याजोगा आहे, पण एका अटीवर: प्रक्रिया पूर्ण झालेली हवी. ‘चिकन वेस्ट मील’ या एका नावाखाली बाजारात तीन-चार प्रकारचा माल फिरतो, म्हणून चांगला माल कसा होतो ते पायरीने पाहू.

कच्चा माल दुकानातून निघाल्यावर चार तासांच्या आत शिजायला पडला पाहिजे. एप्रिल-मेमध्ये त्याहून लवकर. पिसे वेगळ्या डब्यात. शेडवर मेलेले पक्षी यात कधीही नकोत. ते पुरण्याच्या किंवा जाळण्याच्या खड्ड्यातच गेले पाहिजेत. माल ५० मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांत कापायचा, नाहीतर मोठ्या तुकड्याच्या गाभ्याला ताप पोहोचत नाही. मग बंद कुकरमध्ये, वाफेच्या दाबाखाली, गाभ्याचे तापमान १३३ अंश, दाब ३ बार, सलग २० मिनिटे. युरोपात प्रक्रियेचे हेच माप ठरवून दिलेले आहे, आणि कोंबडीचे मील कोंबडीलाच देणार असाल तर त्याखाली उतरू नये. खरे तर युरोपीय संघाने २०२१ मध्ये डुकराचे आणि कीटकांचे प्रथिन कोंबडीला देण्यास मुभा दिली, तेव्हाही स्वजातीचे मील देण्यावरची बंदी कायम ठेवली. आपल्याकडे असे मील वापरात आहे, म्हणूनच १३३ अंशांचा आग्रह सोडता येत नाही.

दाब हळूहळू सोडायचा. घाईने सोडला तर माल फेसाळून वाफेच्या नळीत जातो आणि पुढच्या वेळी झडप अडकते. त्यानंतर त्याच कुकरमध्ये बाहेरच्या जॅकेटच्या उष्णतेवर ओलावा ६ ते ८ टक्क्यांवर आणायचा. १० च्या वर राहिला तर पोत्यात बुरशी धरते. ३-४ च्या खाली गेला तर माल करपलेला असतो: प्रथिने कागदावर तेवढीच दिसतात, पण लायसिन बांधले गेल्याने पक्ष्याला मिळत नाही. पुढे चरबी दाबून काढणे, थंड करणे, २ मिलिमीटरच्या जाळीतून दळणे, आणि टनाला १२५ ते १५० ग्रॅम बीएचटी (चरबी खवट होऊ न देणारे रसायन) मिसळणे.

बहुतेक ठिकाणी बिघडते ते कुकरमध्ये नव्हे, कुकरच्या दोन मीटर बाहेर. कच्चा माल ज्या फावड्याने आत टाकला, त्याच फावड्याने शिजलेला माल फरशीवर ओढला की २० मिनिटांचे सगळे काम वाया गेले. शिजलेले मील उबदार, ओलसर आणि प्रथिनांनी भरलेले असते, साल्मोनेलाला याहून चांगली जागा नाही. पुरवठादाराकडे गेलात तर आधी फावडी मोजा: कच्च्या बाजूचे आणि तयार बाजूचे वेगळे हवे, आणि दोन बाजूंमध्ये भिंत हवी. मधल्या दारातून माणसांची ये-जा दिसली तर प्रयोगशाळेचा कागद न बघता परत फिरावे.

पिसांचे मील हा वेगळा प्रकार. त्यात प्रथिने ८० टक्क्यांच्या वर, पण पीस म्हणजे केराटिन हे चिवट प्रथिन. कच्चे वाळवून दळले तर पक्षी ते पचवू शकत नाही. अडीच-तीन बार दाबाखाली ३० ते ४५ मिनिटे शिजवले तरच केराटिनची वीण सुटते. शिजवूनही लायसिन, मिथिओनिन आणि हिस्टिडिन कमीच असतात. ‘६५ टक्के प्रोटीन’ सांगून स्वस्तात मिळणारे मील बहुतेकदा यातल्या कच्च्या पिसांनी फुगवलेले असते. क्रूड प्रोटीन मागू नका, पेप्सिन पचनीयता (पेप्सिन या पाचक रसाने किती प्रथिने विरघळतात ते) मागा. या मालात ती ७० टक्क्यांच्या खाली आली तर पोती परत. वाळू-मातीसाठी ॲसिडमध्ये न विरघळणारी राख, खवटपणासाठी पेरॉक्साइड व्हॅल्यू, आणि २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला नसल्याची खात्री, एवढ्या तपासण्या पुरतात. जवळचे ठिकाण म्हणजे शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय. तिथल्या पशुपोषण विभागाकडे नमुना कसा आणि किती द्यायचा ते आधी विचारून घ्यावे.

हे घरी करावे का?

चौकशीला येणारे बहुतेक जण हाच प्रश्न विचारतात, म्हणून हिशेब करून टाकू. आतडी-डोक्याच्या १०० किलो कच्च्या मालात पाणी सुमारे ६६ किलो. त्यातून साधारण २५ किलो मील आणि सहा-सात किलो चरबी निघते. तेवढे पाणी तापवून उडवायला १७० मेगाज्यूल उष्णता लागते. आपल्या भट्टीची कार्यक्षमता ३० टक्के धरली तर ५७० मेगाज्यूलचे इंधन, म्हणजे ३८ किलो सुके लाकूड. सहा रुपये दराने २२८ रुपये, किलो मीलमागे नऊ रुपये फक्त जळणाचे. चिपाडाने स्वस्त पडेल असे वाटते, पण कारखान्यातून निघालेल्या चिपाडात निम्मे पाणीच असते. त्यात कच्च्या मालाची वाहतूक आणि मजुरी धरा.

आता गरज पाहा. २,००० पक्षी फिनिशर खातात सुमारे ४,८०० किलो. त्यात ५ टक्के मील म्हणजे बॅचला २४० किलो. कच्चा माल हजार किलोच्या आत. दोन महिन्यांतून हजार किलो शिजवण्यासाठी दाबाचा कुकर, त्याची तपासणी, दुर्गंधी, माश्या आणि शेजाऱ्यांची भांडणे ओढवून घेण्यात अर्थ नाही. उघड्या कढईत उकळून १०० अंशांच्या पुढे जाता येत नाही, आणि जंतूंचे बीजाणू त्याला दाद देत नाहीत. जुन्या बॉयलरच्या पत्र्याचा कुकर गावातल्या वेल्डरकडून करून घेणे तर जिवाशी खेळ आहे. दहा-बारा शेड आणि शहरातली सगळी चिकन सेंटर एकत्र आली तरच या यंत्रणेचा विचार व्हावा. एका शेडसाठी तयार, तपासलेले मील विकत घेणे हाच मार्ग.

५ टक्के मीलचा घाणा

चांगल्या मीलमध्ये प्रथिने ६० टक्के, ऊर्जा २,८०० किलोकॅलरी आणि फॉस्फरस २ टक्के धरला. ५ किलो मील आले की सोयापेंड ६ किलो कमी करता येते. उरलेल्या एका किलोच्या जागी मका. मील आणि मका मिळून ऊर्जा वाढते, म्हणून तेल पाऊण किलोच्या आत-बाहेर कमी होऊन त्याच्याही जागी मका येतो. डीसीपी अर्धा किलो कमी. याउलट लायसिन टनाला २८० ग्रॅम जादा घालावे लागते, कारण मीलमधले लायसिन सोयापेंडीइतके पचत नाही. हा भाग विसरला जातो आणि मग ‘मीलने वजन मारले’ असा बोभाटा होतो.

रुपयांत: सोयापेंडीचे २७० वाचले, तेलाचे (त्याच्या जागी आलेला मका वजा जाता) ५८, डीसीपीचे १५. खर्च मीलचा २७५, मक्याचे २४, लायसिनचे ४. घाण्यामागे बचत ४० रुपये, किलोला ४० पैसे. पूर्ण बॅचच्या फिनिशरवर १,९२० रुपये. मील ४५ रुपयांनी मिळाले तर ४,३२० रुपये. सोयापेंड ४५ असताना मील ६३ रुपयांच्या वर गेले की बचत शून्य.

हा आकडा लहान आहे आणि तो लहानच असतो हे मान्य करून पुढे जावे. एफसीआर १.७० चा १.७२ झाला तर २,००० पक्ष्यांवर ८४ किलो जादा खाद्य जाते, म्हणजे ३,००० रुपयांच्या वर. वाचवलेले १,९२० तर गेलेच, वर पदरचे हजार गेले. खराब मीलचे एक पोते आख्ख्या बॅचची बचत खाऊन टाकते, म्हणून तपासणीच्या पैशाची काटकसर करू नये.

पिल्लांना पहिले दहा दिवस, प्री-स्टार्टरमध्ये, मील अजिबात नको. ११ ते २१ दिवसांच्या स्टार्टरमध्ये फार तर २ टक्के. फिनिशरमध्ये दोन दिवस अर्धे जुने-अर्धे नवे देऊन मग ५ टक्क्यांवर यावे. लायसिन, मिथिओनिन आणि प्रीमिक्स आधी ५ किलो मक्याच्या भरड्यात हाताने मिसळून मग मिक्सरमध्ये टाकावेत. उभ्या मिक्सरला १५ मिनिटे द्यावीत. मील तेलानंतर टाकले तर त्याच्या गुठळ्या होतात, म्हणून आधी सगळा कोरडा माल, शेवटी तेल.

एक सक्त सूचना. या भागात बहुतेक घरी शेडशेजारी गोठा असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार गाय-म्हैसवर्गीय किंवा डुकराचे मांस-हाडांचे मील, रक्त आणि आतड्यांचे पदार्थ दुभत्या आणि मांसासाठीच्या जनावरांच्या खाद्यात चालत नाहीत. कोंबडी, डुक्कर आणि मासे यांना त्यातून वगळले आहे. बाहेरून घेतलेल्या मीलमध्ये कशाची भेसळ आहे हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ज्या मिक्सरमध्ये हे मील जाते त्यात गाईचे खाद्य भरडू नये, आणि बॅच संपल्यावर उरलेला मॅश गोठ्यात नेऊ नये. पोती वेगळ्या रंगाच्या सुतळीने बांधली की घरातल्या सगळ्यांना ओळखता येतात.

चाचणी आपल्याच शेडमध्ये

पूर्ण शेडला एकदम नवे खाद्य देऊन ‘मागच्या बॅचपेक्षा बरे आले’ असे म्हणण्याला अर्थ नाही. पिल्ले वेगळी, हवामान वेगळे, मका वेगळा. शेडचे जाळी लावून ५०० पक्ष्यांचे चार कप्पे करा. दोन कप्प्यांना जुना घाणा, दोनांना मीलचा, आणि एकाआड एक, म्हणजे पंख्याच्या बाजूचा फायदा एकाच खाद्याला मिळणार नाही. प्रत्येक कप्प्याचे खाद्य मोजून द्या, उरलेले आठवड्याला मोजून घ्या. वजनासाठी दर कप्प्यातले २५ पक्षी जाळीने घेरून, घेरात आले तेवढे सगळे तोला. हाताने पकडायला गेले की संथ, जड पक्षीच हाती लागतात. मेलेल्या पक्ष्याचे वजनही नोंदवा.

आकडे वाचताना आधी जुन्या घाण्याचे दोन कप्पे एकमेकांशी ताडून पाहा. त्या दोघांतच एफसीआरचा फरक ०.०४ असेल, तर नव्या खाद्याने ०.०३ कमी-जास्त दाखवले त्यातून काही सिद्ध होत नाही. अशा वेळी दुसऱ्या बॅचला तीच चाचणी पुन्हा करावी.

मीलच्या कप्प्यात बिघाड दिसला तर बहुधा तो यांपैकी एक असतो. पक्षी फीडर उपसून खाद्य सांडतात आणि मॅशला जुन्या तेलाचा वास येतो: मील खवट झाले आहे. खवट चरबी खाद्यातले ई जीवनसत्त्व मारते, म्हणून ते पोते काढून टाकावे, दुसऱ्यात मिसळून संपवू नये. उन्हाळ्यात मीलचा साठा तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवूच नये. वजन एकसारखे नाही, लहान-मोठे पक्षी दिसतात, पिसे विस्कटलेली: पिसांची भेसळ किंवा लायसिन कमी. अचानक जुलाब आणि मरतुक: खाद्य लगेच बंद, ताजे मेलेले पक्षी बर्फात घालून रोग अन्वेषण प्रयोगशाळेला, आणि त्याच पोत्यातला नमुना सोबत. म्हणून प्रत्येक पोत्यातून मूठभर मील काढून तारखेसह बंद बरणीत, बॅच विकून होईपर्यंत ठेवायचे.

मग त्या ढिगाचे काय

लेअरच्या विष्ठेतला नायट्रोजन कोंबडीच्या उपयोगाचा नाही, पण वाया घालवण्यासारखाही नाही. ब्लॅक सोल्जर माशीच्या अळ्या ती ६५ ते ७० टक्के ओलाव्यावर खातात आणि विष्ठेचे वस्तुमान जवळपास निम्म्यावर आणतात. कोरड्या विष्ठेच्या शेकडा ८ च्या आसपास वाळलेल्या अळ्या निघतात, त्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या वर आणि चरबी ३० टक्क्यांच्या आसपास. कोंबडीला जे जमत नाही ते इथे जंतू आणि अळ्या मिळून करतात. मात्र विष्ठेवर वाढवलेल्या अळ्यांत कॅडमियमसारखे जड धातू साठू शकतात, म्हणून अशा अळ्या तपासल्याशिवाय खाद्यात नकोत. भाजी मंडईच्या कचऱ्यावर वाढवलेल्या बऱ्या. ट्रेमध्ये मेलेली कोंबडी तर कधीच टाकू नये: कुजलेल्या मांसावरच्या अळ्यांत बोटुलिझमचे विष साठते आणि त्या खाल्लेल्या पक्ष्यांच्या माना लुळ्या पडतात. काढलेल्या अळ्या उकळत्या पाण्यात दहा मिनिटे घालून मगच वाळवाव्यात.

एवढा खटाटोप नको असेल तर ढीग द्राक्षबागेला द्यावा. कोंबडखतात नायट्रोजनच्या मानाने कर्ब फार कमी असतो, म्हणून उसाचे पाचट कुट्टी करून थर द्यावेत, ओलावा मुठीत दाबल्यावर थेंब न पडण्याइतका ठेवावा. ढिगाचे आतले तापमान सलग तीन दिवस ५५ अंशांच्या वर राहिल्यावर तो पालटावा आणि तापणे थांबेपर्यंत हेच चालू ठेवावे. तासगाव, पलूस, खानापूरच्या बागांत ते छाटणीआधी चरीत जाते. ताजे खत चरीत घातले तर अमोनियाने पांढरी मुळी जळते, म्हणून ढीग पूर्ण थंड होऊन मातीचा वास येऊ लागेपर्यंत बागेकडे नेऊ नये.